अंगठ्याची कॉपी

सुईताईंचं बोट कापलं ते काचेच्या बरणीनं. धुताना बरणी हातातच फुटली आणि डाव्या हाताचं, अंगठ्याशेजारचं बोट मुळाशी असं चिरलं गेलं, की आतली नसच तुटली. रोज साठ-सत्तर माणसांना सुई टोचणारी बाई स्वतःचं रक्त बघून मटकन खाली बसली, ही गोष्ट त्यांच्या लॅबमध्ये पुढे महिनाभर चवीनं सांगितली जात होती.

'सुईताई' हे नाव रुग्णांनी दिलेलं. एकवीस वर्षं त्या एकाच लॅबमध्ये, खिडकीजवळच्या खुर्चीशेजारी उभ्या राहून लोकांचं रक्त काढत आल्या होत्या. बघणाऱ्याला वाटतं, सगळं कसब सुई धरणाऱ्या उजव्या हातात आहे. तसं नसतं. खरं काम डावं बोट करतं. कोपराच्या खोबणीत ते बोट टेकवायचं आणि कातडीखाली शीर कुठे आहे, किती खोल आहे, सुई टोचल्यावर निसटेल की जागेवर राहील, हे सगळं त्याच्याकडून समजून घ्यायचं. डोळ्यांना दिसणारी शीर कुणीही गाठतो. न दिसणारी गाठायला सुईताई लागायच्या. आणि आता त्या बोटाला गरम कप आणि थंड कप यांतला फरकही कळत नव्हता.

डॉक्टरांनी नस शिवली आणि सांगितलं, "रोज साधारण एक मिलिमीटर वाढेल. टोकापर्यंत पोचायला वेळ लागेल. पोचली तरी ती नवशिकी असेल, तिला सगळं पुन्हा शिकवावं लागेल. डोळे मिटून वस्तू ओळखत जा. बटणं, मणी, तांदूळ, काहीही."

सुईताईंनी तीन महिने वाट बघितली आणि मग तांदळात हात घालून बसायला सुरुवात केली. बोटात झिणझिण्या यायच्या, कधी सुया टोचल्यासारखं व्हायचं (दैवानं केलेली थट्टाच ती), पण कळायचं काहीच नाही. दुसऱ्या कुणाचं तरी बोट उसनं आणून आपल्या हाताला शिवलंय, असं त्यांना वाटत राहायचं. बटणांचा तर आठवड्यातच वीट आला. घरातली बटणं ती किती, आणि त्यांत ओळखण्यासारखं ते काय! एका दुपारी त्यांनी बटणांचा डबा बाजूला ढकलला आणि त्या चक्क रडायला लागल्या. त्याच वेळी भावोजी शाळेतून आले.

भावोजी म्हणजे त्यांचे धाकटे दीर. शाळेत भूगोल शिकवायचे, लग्न केलेलं नव्हतं, राहायचे वरच्या खोलीत. त्यांना एक विचित्र छंद होता: किल्लीशिवाय कुलपं उघडायची. दुसऱ्याची नव्हे हो, स्वतःची. बाजारातून कुलूप विकत आणायचं, किल्ली टेबलाच्या खणात टाकायची, आणि मग रविवारभर त्या कुलपाशी झटापट करत बसायचं. खणातली किल्ली काढली तर अर्ध्या सेकंदात उघडेल, हे त्यांना कुणी सांगायची सोय नव्हती. "भावोजी, एक दिवस दारात पोलीस येतील," सुईताई म्हणायच्या, "तेव्हा मी तुम्हाला ओळखत नाही हं! सांगून ठेवते." चौदा वर्षं हा विनोद चालू होता आणि भावोजी चौदा वर्षं त्याला न कंटाळता हसत आले होते.

त्या दुपारी मात्र त्यांनी वहिनींचे डोळे बघितले, बटणांचा डबा बघितला, आणि तडक वर गेले. खाली आले ते कापडी गुंडाळी घेऊन. तिच्यात सात बारीक पोलादी काड्या होत्या. सगळ्यांच्या मुठींना एकसारखी काळी टेप, टोकं मात्र वेगवेगळी.

"ही माझी दाताळी," भावोजी म्हणाले. "बागेत पाला ओढायचं दाताळं असतं ना, त्याची ही नातवंडं समजा. कुलपाच्या पोटात पाच-सहा बारीक खिळे असतात, प्रत्येकाला वरून स्प्रिंग दाबून धरते. किल्लीचे दाते त्यांना हवे तेवढे वर उचलतात. आकड्यानं एकेक खिळा उचलता येतो, पण त्याला फार वेळ लागतो. दाताळं आत घालून मागंपुढं केलं, की सगळ्यांना एकदम गुदगुल्या होतात."

"आणि कुलूप हसून तोंड उघडतं," सुईताई नाक पुसत म्हणाल्या.

"अगदी! आता नावं पाठ करा. ही दोन वळणांची, ती नागीण. तीन टोकदार शिखरं, तो डोंगर. तशीच, पण गोलसर, ती लाट. बारीक दात्यांची ती करवत. हे गाव. बघा, लहानमोठी घरं एका ओळीत उभी, छपरं कुठलीच एका उंचीची नाहीत. आणि ह्या दोघी जावा."

"जावा?"

"एकीवरून दुसरी मीच कापली. दिसायला अगदी सारख्या, चार-चार उंचवट्यांच्या. तुम्हाला जाऊ नाही ना, म्हणून आणून ठेवल्या."

जाऊ नव्हती ती कुणामुळे, हे दोघांनाही माहीत असल्यामुळे सुईताईंना हसू आलं. बऱ्याच दिवसांनी आलं.

दुसऱ्या दिवसापासून शाळा सुरू झाली. रोज दुपारी चारला, स्वयंपाकघरातल्या टेबलावर. सुईताईंच्या हातावर नॅपकिन टाकायचा, भावोजींनी नॅपकिनखालून एक दाताळं त्यांच्या बोटांत द्यायचं, आणि त्यांनी टोक चाचपून नाव सांगायचं. दोन जावांतली कोणतीही आली तरी 'जाऊ' म्हटलं की झालं. एका वेळी दहा प्रश्न. भावोजी मुळात मास्तर. त्यांनी प्रगतिपुस्तकच करून टाकलं. पहिल्या दिवशी दहापैकी दोन. शेरा: 'प्रयत्न चांगला, घाई टाळावी.' खाली वर्गशिक्षक म्हणून स्वतः सही ठोकली आणि पालक म्हणून थोरल्या भावाची, म्हणजे सुईताईंच्या नवऱ्याची घेतली. त्यानंही गंभीर चेहऱ्यानं चष्मा लावून केली.

तिसऱ्या आठवड्यात आकडा सातवर गेला. चौथ्यात दहापैकी दहा, आणि तेही सलग तीन दिवस! नागीण म्हटलं की नागीण, गाव म्हटलं की गाव. भावोजींनी शेऱ्यात 'उत्तम' लिहून त्याखाली दोन रेघा मारल्या. सुईताईंनी त्याच दुपारी लॅबच्या मोठ्या मॅडमना फोन लावला. "मॅडम, माझं बोट आलं."

मॅडम बाई चांगल्या, पण कामाला कडक. त्या म्हणाल्या, "वेळेवर बोललीस. पहिल्या तारखेपासून त्या खुर्चीवर कायम कोण, ते ठरवायचंच होतं मला. पुढच्या सोमवारी नको, त्याच्या पुढच्या सोमवारी ये. माझ्यासमोर तीन जणांचं रक्त काढून दाखव. जमलं तर खुर्ची तुझी. नाही जमलं तर नोंदणीच्या टेबलावर बस, बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटव. तुला घरी बसवणार नाही, पण रुग्णाच्या हातावर प्रयोगही करू देणार नाही."

सुईताई मनातून नाचत बाहेर आल्या. नवरा खुर्चीत पेपर वाचत होता. त्याची बाही वर सरकवून त्यांनी कोपराच्या खोबणीत बोट टेकवलं.

काहीच नाही. मऊ कणीक दाबावी, तसं.

त्यांनी जरा सरकून पुन्हा दाबलं. पुन्हा कणीक. मग नकळत अंगठा टेकवला, आणि थाड थाड थाड! ठोके स्पष्ट लागले. क्षणभर त्यांना एवढा आनंद झाला, की त्या ओरडणारच होत्या. मग त्यांनी अंगठा चटकन उचलला. लॅबमध्ये शिकायला येणाऱ्या प्रत्येक पोरीला त्या पहिल्या दिवशी हेच तर सांगायच्या: अंगठा कधीही लावायचा नाही. अंगठ्याला स्वतःची नाडी असते. तो दुसऱ्याचं ऐकतच नाही, स्वतःचंच ऐकतो.

"काय झालं?" नवऱ्यानं पेपरवरून विचारलं.

"काही नाही," असं म्हणून त्या स्वयंपाकघरात गेल्या. दाताळ्यांची गुंडाळी उघडली, डोळे मिटले आणि अंगठा लांब धरून नुसत्या त्या बोटानं एकेक टोक चाचपलं. दहापैकी तीन. महिनाभर दाताळ्याचं टोक त्या चिमटीत धरत होत्या. चिमूट म्हणजे बोट आणि अंगठा. ओळखत होता तो अंगठा! बोट नुसतं त्याच्या जिवावर बसून मार्क खात होतं.

त्यांनी तो दिवस कुणाला काही सांगितलं नाही. गप्प बसणं अवघड नव्हतं, तेच तर वाईट होतं. तीनच जणांचं रक्त काढून दाखवायचं होतं. दोघांच्या शिरा ठळक निघाल्या आणि तिसऱ्याच्या वेळी नशीब उभं राहिलं, तर खुर्ची मिळून गेली असती. मग पुढे कधीतरी एखादा अशक्त, घाबरलेला माणूस समोर बसला असता आणि त्यांनी त्याला पाच वेळा टोचलं असतं. दुसऱ्या दिवशी चारला भावोजी प्रगतिपुस्तक घेऊन बसले, तेव्हा सुईताईंनी हात पुढे केलाच नाही.

"भावोजी," त्या खाली मान घालून म्हणाल्या, "मी कॉपी केली."

"कशाची कॉपी?"

"अंगठ्यावरून. सगळं अंगठा सांगत होता. बोटाला काही येत नाही." आणि त्यांनी कणकीपासून सगळं सांगितलं.

भावोजींनी पेन खाली ठेवलं. ओरडतील, निदान हिरमुसतील, असं सुईताईंना वाटलं होतं. त्यांचा महिना वाया गेला होता, रोज शाळेतून दमून आल्यावरचा एकेक तास. पण ते वहिनींकडे बघतच राहिले.

"वहिनी, बावीस वर्षं शिकवतोय मी. कॉपी करणारे शेकड्यानं पकडले. पण आपण होऊन येऊन सांगणारं एक पोर भेटलं नाही हो मला." मग त्यांनी कपाळावर हात मारला. "आणि मी कसला मास्तर! दाताळ्याकडे बघत राहिलो. तुमच्या हाताकडे बघितलंच नाही. चुकी वर्गशिक्षकाची."

त्यांनी प्रगतिपुस्तकातलं 'उत्तम' खोडलं, त्यावर 'अंगठाबहाद्दर' असं ठसठशीत लिहिलं, आणि औषधांच्या डब्यातून क्रेप बँडेज आणून वहिनींचा अंगठा तळहाताशी बांधून टाकला. "अकरा दिवस आहेत," म्हणाले. "चला."

ते दिवस वाईट गेले. दाताळं आता टॉवेलच्या घडीवर दाते वर करून ठेवलेलं असायचं आणि त्यावरून एकटं बोट फिरवायचं. पहिल्या दिवशी दहापैकी एक. दुसऱ्या दिवशी शून्य. सुईताई चिडून दाबायला लागल्या, की भावोजी त्यांचं मनगट अलगद उचलायचे. "दाबू नका. दाबून कुलूपसुद्धा उघडत नाही. आपण जोर लावला, की आपल्याला आपलाच जोर कळतो. बोट नुसतं ठेवा आणि वाट बघा."

"अहो, हे मीच शिकवते पोरींना! शब्दन् शब्द."

"मग ऐका की स्वतःचं एकदा."

पाचव्या दिवशी करवत कळली. कळली म्हणजे, बोटाच्या टोकाला खरखर लागली आणि ती खरखर त्याच जागी होती जिथे बोट होतं. सातव्या दिवशी डोंगर आणि लाट वेगळे झाले. सहा. मग सात. पण हे सात आणि पूर्वीचे सात यांत जमीनअस्मानाचा फरक होता, हे दोघांनाही माहीत होतं. शेवटचे काही दिवस भावोजींनी हातमोजाही चढवायला लावला, कारण लॅबमध्ये तो असतोच. आकडा पुन्हा तीनवर आला आणि पुन्हा वर चढायला लागला. सुईताईंचा नवरा आता न बोलावता टेबलापाशी येऊन बसायचा आणि चहा करून द्यायचा. बायकोच्या कामात एवढं बारकाईनं बघायची त्याची ही पहिलीच वेळ होती.

शनिवारी सात दाताळी एका ओळीत मांडलेली होती. सुईताई ओळीनं सांगत गेल्या. "नागीण. गाव. करवत. ही जाऊ. डोंगर. लाट. आणि ही..." त्या थांबल्या. बोट मागे नेलं, पुन्हा आणलं. "भावोजी, तुम्ही आठवं कुठलं आणून ठेवलंत?"

"सातच आहेत. ती दुसरी जाऊ."

"नाही हो. ह्या दोघी सारख्या नाहीत. हिचा तिसरा उंचवटा बसका आहे."

भावोजी हसले. "वहिनी, एकीवरून आखून दुसरी कापलीय मी. सहा वर्षं वापरतोय."

"वापरत असाल. ही बसकीच आहे."

भावोजींनी दोन्ही काड्या उचलल्या आणि डोळ्यांजवळ धरल्या. सारख्याच दिसत होत्या. मग खिडकीपाशी जाऊन त्यांनी एक दुसरीवर चपखल ठेवली आणि उजेडासमोर धरली. तिसऱ्या उंचवट्यापाशी उजेडाची एक रेघ दिसली. केसाएवढी! नवरा उठून बघायला गेला, त्यानं चष्मा वर केला, खाली केला, आणि त्याला ती दिसायलाच दोन मिनिटं लागली.

"अहो, म्हणून ते पितळी कुलूप एकीनं उघडतं आणि दुसरीनं उघडत नाही!" भावोजी ओरडले. "सहा वर्षं मी त्या कुलपाला शिव्या घालतोय. कानस जास्त चालली होती माझी. आणि हे तुम्हाला त्या बोटानं कळलं?"

सुईताईंनी आपल्या हाताकडे बघितलं. अंगठा बँडेजात गुंडाळलेला होता. कॉपी करायला जागाच नव्हती.

सोमवारी लॅबमध्ये मोठ्या मॅडम हाताची घडी घालून खुर्चीमागे उभ्या राहिल्या. पहिली मुलगी कॉलेजातली, शीर दोरीसारखी ठळक. दुसरा गवंडी, त्याच्या शिरा तर दारातूनच दिसत होत्या. दोघांचंही चुटकीसरशी झालं. सुईताईंना त्याचा आनंद होईना. हे काय, कुणालाही जमलं असतं. मॅडमनाही ते ठाऊक असावं, कारण तिसरा माणूस त्यांनी स्वतः रांगेतून निवडून आणला.

ते एक म्हातारे शिंपीकाका होते. अंगावर मांस नाही आणि दोन्ही कोपरांपाशी जुने निळे-पिवळे डाग. बसल्या बसल्या म्हणाले, "माझं रक्त कुणाला मिळत नाही, बाई. मागच्या खेपेला चार ठिकाणी टोचलं. शेवटी मीच म्हटलं, राहू दे." बोलताना हसत होते, पण हात पुढे करताना त्यांनी दुसऱ्या हातानं खुर्चीची कड घट्ट धरली.

सुईताईंनी पट्टा बांधला, हातमोज्यातलं बोट खोबणीत टेकवलं. काहीच नाही. जरा वर. काहीच नाही. अंगठा आपोआप मदतीला धावून येत होता. त्यांनी तो मुठीत दुमडून धरला. मागून मॅडमचा श्वास ऐकू येत होता. दाबावंसं वाटत होतं, फार वाटत होतं. त्यांनी दाबलं नाही. बोट ठेवलं आणि वाट बघितली.

आणि मग आतून कुणीतरी हलकेच परत ढकललं. एवढुसंच. बोट केसभर डावीकडे नेलं तर नाही; पुन्हा उजवीकडे आणलं, तर आहे. खोल, बारीक आणि थोडी तिरकी. बोटाला तिची दिशासुद्धा कळली. सुईताईंनी तीच दिशा धरून सुई आत घातली आणि नळीत लाल रेघ धावत आली.

शिंपीकाकांनी डोळे मिटूनच विचारलं, "कधी टोचणार?"

"झालं, काका. सोडा आता ती खुर्ची."

काकांनी डोळे उघडले, भरलेल्या बाटलीकडे बघितलं आणि मोकळा हात उचलून सुईताईंच्या डोक्यावर ठेवला. मॅडमनी टेबलावरची वेळापत्रकाची वही उघडली आणि खिडकीजवळच्या खुर्चीपुढे सुईताईंचं नाव लिहिलं. शाईनं.

मागच्या खोलीत, कापसाच्या खोक्यांमध्ये उभं राहून सुईताईंनी शाळेत फोन लावला. मधली सुट्टी होती. भावोजींच्या मागे पोरांचा कालवा चालला होता.

"भावोजी, तिघांचंही मिळालं. तिसरा तर अवघड होता, फार अवघड."

भावोजींनी ना शाब्बास म्हटलं, ना काही. त्यांनी एवढंच विचारलं, "कोणत्या बोटानं?"

"त्याच. अंगठा मुठीत होता."

सुईताई थांबल्या. घरच्या माणसाचे आभार मानायला आपल्याकडे शब्द नाहीत. 'थँक्यू' म्हणावं तर दुकानदाराला म्हटल्यासारखं वाटतं. पण आज गप्प बसणं त्यांना जमणार नव्हतं.

"भावोजी, चौदा वर्षं मी तुमची थट्टा केली. आणि तुम्ही शाळेतून दमून येऊन, रोज, माझ्या एका बोटापाशी बसलात. माझं काम तुम्ही मला परत आणून दिलंत. ह्याची फेड मला करता यायची नाही, आणि मला ती करायचीही नाही. नुसतं तुम्हाला कळू दे."

"वहिनी," भावोजी म्हणाले, "घंटा झाली. ठेवतो." पण त्यांनी फोन ठेवला नाही. सुईताईंनीही ठेवला नाही.

बाहेरून हाक आली, "सुईताई, पेशंट बसलाय!"

"जा," भावोजी म्हणाले. "तुमची वाट बघतंय माणूस."